पाळकसाहेबांची साखर

आमच्या ह्यांना चर्चमध्ये उपदेश करताना घेरी आली, तेव्हा निम्म्या मंडळीला वाटलं आत्म्याचा संचार झाला. कसला संचार! साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं, "रोज तासभर चाला. दोन महिन्यांत साखर उतरली नाही, तर सहा महिने उपदेश बंद."

हे हबकलेच. उपदेशाशिवाय ह्यांना घास उतरत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नवे बूट घालून, रविवारचा उपदेश पुटपुटत निघायला लागले. पंधरा दिवसांनी तपासलं, तर साखर आणखी वर.

"चालताय ना नक्की?"

"पाळकाला शपथ घ्यायला लावू नकोस, अगं."

मीही कच्च्या गुरूची चेली नाही. एका सकाळी मागोमाग गेले. कोपऱ्यावर शिंप्याने हाक मारली, चहा. पुढे बेकरीवाला, मग मास्तर, चहा, चहा. शेवटी रिटायर झालेल्या नर्सबाईंच्या दारात खुर्ची मांडलेलीच, कपात दोन चमचे साखर. तासात चार चहा आणि चालणं जेमतेम पाव तास! मंडळीच्या घरचा चहा पाळकाने नाकारला की लोकांना वाटतं साहेब रुसले, हे मलाही कळतं. पण म्हणून जिवाशी खेळायचं?

घरी भांडले असते, तर ह्यांनी शास्त्रातलं वचन तोंडावर फेकलं असतं. म्हणून रविवारी प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकली. या पेटीत लोक बिननावाने आपली अडचण लिहून टाकतात, पाळक ती तिथेच उघडून वाचतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. ह्यांनी गंभीर आवाज लावला. "एका घरचा कर्ता पुरुष फिरायला म्हणून निघतो आणि चार घरी गोड चहा ढोसतो. त्याला सुबुद्धी मिळो." 'ढोसतो'वर येईपर्यंत अक्षर ओळखलं होतं. कान लालबुंद झाले. शिंप्याने मान खाली घातली. मी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

सोमवारपासून ह्यांना तळ्याच्या रस्त्याने पिटाळलं. तिकडे मंडळीतलं कुणीच राहत नाही. साखर उतरायला लागली आणि माझी कॉलर ताठ झाली.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ह्यांनी एक चिठ्ठी उघडली. "सकाळी माझ्या दारात एकच माणूस यायचा. आता येत नाही. एकटीपुरता चहा करवत नाही मला. माझ्यासाठी प्रार्थना करा." नर्सबाई समोरच डोळे मिटून बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी आमेन माझ्या तोंडातून फुटेना.

सोमवारी मीही बूट चढवले. दोघांनी तळ्याला फेरी मारली आणि मग थेट नर्सबाईंकडे गेलो. दारात खुर्ची नव्हती. आम्हाला बघून त्यांनी आतून दोन आणल्या. ह्यांना कोमट पाणी दिलं, मला चहा. "दोन चमचे?" त्यांनी विचारलं. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

दोन महिने भरले. ह्यांची साखर ताब्यात आली, उपदेशाला परवानगी मिळाली. डॉक्टरांनी सहज माझीही तपासली आणि भुवया उंचावल्या.

"पाळकीणबाई, सकाळचा चहा बंद करा."

"तेवढं सोडून बोला," मी म्हटलं. "नर्सबाई आधण ठेवून बसतात. हवं तर तळ्याला दोन फेऱ्या मारते."