तळेगावची उमे आजी

“मॅडम, ती हितं हाय,” प्रेरणा फोनवर म्हणाली. “आपली उमे आजी.”

अश्लेषा औषधांच्या दुकानावरच्या वर्गाचा जिना चढत होती. एका हातात खडूंचा डबा, दुसऱ्या हातात छत्री आणि फोन कान-खांद्याच्या मधे धरलेला. वरून मुलांचा गलका ऐकू येत होता. ती मधल्याच पायरीवर थांबली आणि कोण आजी, असं तिनं विचारलं.

“आपल्या गोष्टीतली. आज माझी बदली वरच्या मजल्यावर झाली, तितं दिसली. नाव उमे. डाव्या हाताची करंगळी वाकडी. जेवायला बसली की पहिला घास खिडकीत ठेवती, चिमण्यांना. मुलाचं नाव पण केन्जीच. मला तर घामच फुटला, मॅडम.”

औंढ्याची प्रेरणा नुकतीच जपानला गेली होती. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम तिला मिळालं होतं, आणि त्यासाठी लागणारं जपानी ती तळेगावात अश्लेषाकडेच शिकली होती.

फळ्यावर नियम लिहून मुलं बोलायला लागत नाहीत, हे अश्लेषाला बऱ्याच वर्षांनी उमजलं होतं. तेव्हापासून ती वर्गात गोष्ट करायची. तिची गोष्ट सांगायची नसे, विचारायची असे. “एक आजी आहे,” एवढं जपानीत म्हणून ती गप्प बसायची. आजीचं नाव काय, कुठं राहते, तिला काय दुखतं, असे प्रश्न मग सुरू व्हायचे. मुलं मोडक्यातोडक्या जपानीत उत्तरं द्यायची. सगळ्यांना पटेल ते उत्तर खरं धरायचं आणि तेच वाक्य उलटंसुलटं करून जिभेवर बसेपर्यंत घोळवायचं. उमे हे नाव मुलांना पाठ्यपुस्तकात सापडलं आणि एकदम आवडलं, कारण हाक मारली की घरातल्या एखाद्या उमालाच बोलावल्यासारखं वाटायचं. करंगळी प्रेरणानंच दिली होती. तिच्या स्वतःच्या आजीचं, लीलाबाईचं, बोट मळणीयंत्रात सापडून वाकडं झालं होतं. घास आणि केन्जी आणखी कुणाचे.

अश्लेषानं तिची समजूत घातली. हे नाव तिथं म्हाताऱ्या बायकांत सर्रास असतं, वय झालं की कुणाचीही बोटं वाकतात, असं काहीबाही सांगितलं आणि वेळेवर जेवत जा म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी चहा पिताना तिनं ही गंमत नवऱ्याला, धवलला, सांगितली. तो म्हणाला, “पोरगी एकटी आहे गं. परक्या मुलखात एखादं तरी माणूस ओळखीचं असावं असं वाटतंच.” अश्लेषाला ते पटलं.

खरं तर ती स्वतः जपानला कधीच गेली नव्हती. तळेगावच्या एका कारखान्यात ती दुभाषी होती. जपानी साहेब परत गेले तसं तिचं कामही गेलं आणि तिनं वर्ग सुरू केला. एकदा जायचं म्हणून पासपोर्ट काढला होता. त्याची मुदत एकही शिक्का न बसता संपली, आणि पुन्हा काढायचं राहून गेलं. तिच्या हाताखालून कितीतरी मुलं तिकडे गेली. ती स्टेशनवर पोचवायला जायची, डबा द्यायची आणि परत येऊन पुढच्या बॅचला अक्षरं गिरवायला लावायची.

महिन्यातून एका रविवारी मावळातले जपानी शिकवणारे पाच-सहाजण लोणावळ्याला गोपाळकृष्ण सरांकडे जमत. सरांचं घर वलवणच्या रस्त्याला होतं. ज्यानं त्यानं आपापल्या वर्गात काय करून पाहिलं ते दाखवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, आणि मग पोहे. त्या महिन्यात अश्लेषानं उमे आजी करून दाखवली. सगळे रंगून गेले. शेवटी तिनं प्रेरणाच्या फोनचीही हकिकत सांगितली, तेव्हा सगळे हसले. सर मात्र म्हणाले, “तुमची ही गोष्ट संपते कुठं?”

“संपवत नाही, सर. नवी बॅच आली की तीच आजी पुढं चालते.”

“बरंय तिचं,” सर म्हणाले.

लोणावळ्यात नुकताच वर्ग काढलेला श्रीयश निघताना तिच्याजवळ आला. उत्साही मुलगा, शिकवायची हौस असलेला. “मॅडम, तुमची आजी मी घेऊन जाऊ का? माझ्या मुलांना फार उपयोग होईल.” ने की, अश्लेषा म्हणाली. आपलं काहीतरी दुसऱ्याला न्यावंसं वाटलं, याचाच तिला आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात नव्या बॅचला ‘लपवणे’ हे क्रियापद आलं. आजी काय लपवते, असं अश्लेषानं विचारलं. वलवणचा पवन आधी बंगल्यांवरच्या पाहुण्यांची गाडी चालवायचा आणि वर्गात सगळ्यात आधी त्याचंच तोंड उघडायचं. तो म्हणाला, “साखरेच्या गोळ्या, चघळायच्या. मोज्यात.” वर्ग खो-खो हसला. अश्लेषानं ते उत्तर खरं धरलं, आणि तासभर उमे आजी मोज्यात गोळ्या लपवत राहिली.

दोन-तीन दिवसांनी प्रेरणाचा आवाजी निरोप आला. अश्लेषा कुकर लावत होती. “मॅडम, आज लय मजा झाली. आजीचे पाय धुवायला मोजे काढले, तर आतनं साखरेच्या गोळ्या पडल्या. नर्सबाई म्हणाल्या, असं ही आधी कधी करत नव्हती.”

अश्लेषानं गॅस बंद केला आणि ती स्टुलावर बसली. मग तिनं प्रेरणाला फोन लावला आणि वर्गातल्या पवनशी तुझं बोलणं होतं का, असं विचारलं. कोण पवन, प्रेरणा म्हणाली. ती गेल्यानंतरच तर ही बॅच सुरू झाली होती. ठेवता ठेवता प्रेरणाच म्हणाली, “आजून एक हाय, मॅडम. रविवारी ती जरा उदास असती. म्हणती, आज पोरांचा आवाज न्हाई आला. हितं तर पोरं कुणीच न्हाईत.”

तळेगावचा वर्ग रविवारी बंद असे.

अश्लेषानं हे धवलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काहीतरी शहाणपणाचं उत्तर दिलं असतं आणि तिला ते या वेळी पटलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली तेव्हा कुणी आलं नव्हतं. पंखा बंद, बाकं रिकामी. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि नकळत, सवयीनं वाकून, त्या रिकाम्या खोलीला जपानीत सुप्रभात म्हटलं.  आणि ते कुणीतरी ऐकलं, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं.

त्यानंतर ती जपून शिकवू लागली. ‘पडणे’ शिकवायचं होतं तेव्हा पवननं आजीला न्हाणीघरात पाडायचं ठरवलं. अश्लेषा एवढ्या जोरात नको म्हणाली की मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग आजीच्या दारातलं पिकलं फळ पडलं. आजी नुसती चांगलं तेवढंच करू लागली. तिचा गुडघा दुखायचा राहिला. काठी घेऊन ती बागेत जाऊ लागली. एका शुक्रवारी वर्गानं केन्जीला सुट्टी मिळवून दिली आणि आईला भेटायला पाठवलं.

प्रेरणाचे निरोप येत राहिले. आजी बागेत चालती, डॉक्टरांना पण नवल वाटलं. आजीचा मुलगा आला, चार वर्षांत पहिल्यांदा, आईच्या शेजारी बसून जेवला. प्रेरणा हे सांगताना रडत होती. अश्लेषाच्याही डोळ्यांत पाणी आलं. भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. इतकी वर्षं जी भाषा तिनं नुसती वाटली, त्या भाषेच्या देशात आता तिचं म्हणावं असं एक माणूस होतं.

राहिला होता तो पुस्तकातला शेवटचा धडा. सेवा करता करता माणूस गेलं तर काय करायचं, घरच्यांशी कसं बोलायचं, गेलेल्या माणसाला पुसताना, कपडे घालताना त्याच्याशी काय बोलायचं. तिकडची पद्धत अशी की गेलेल्या माणसालाही सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. प्रेरणाच्या वेळी विमानाची तारीख अलीकडे आली म्हणून तो धडा राहिला. या वेळी अश्लेषानं तो मुद्दाम बाजूला ठेवला. पवननं आठवण केली, तेव्हा तो घरी वाचून घ्या म्हणाली.

आणि मग एका सकाळी तिला श्रीयश आठवला. आजी त्याच्याकडेही होती. तिनं लगेच त्याला फोन केला. पण सांगणार काय? साखरेच्या गोळ्या? “आजीला जरा सांभाळून घे,” एवढंच ती म्हणाली.

“म्हणजे, मॅडम?”

“काही नाही रे. गोष्ट संपवू नकोस इतक्यात.”

“बरं, मॅडम,” तो म्हणाला. वडीलधाऱ्यांच्या मनासारखं बोलावं तशा आवाजात. आणखी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. पण आपल्याला वेड लागलंय असं या मुलाला वाटेल, याची तिला लाज वाटली.

पावसानं मधल्या दोन-तीन बैठका झाल्याच नव्हत्या. पुढच्या बैठकीला लोणावळ्यात भरदुपारी धुकं होतं. सरांच्या व्हरांड्यातून फाटकसुद्धा दिसत नव्हतं. आत दिवे लावले होते. पोहे झाले, एकदोघांचं सांगून झालं, आणि श्रीयश उभा राहिला. अश्लेषाकडे बघून त्यानं आधी माफी मागितली. परीक्षा तोंडावर आली होती, शेवटचा धडा घ्यावाच लागला, आणि त्या धड्याला आजीशिवाय दुसरं कोण होतं?

“पण मुलांनी फार हळुवारपणे केलं, मॅडम,” तो म्हणाला. “दुखणं नको, दवाखाना नको, सगळ्यांनी मिळून ठरवलं. रविवारी दुपारी ती जेवली, खिडकीशी बसली आणि तिथंच डोळे मिटले. कालच घेतला हा तास. मुली रडल्या. पण एकही जण भूतकाळ चुकला नाही.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अश्लेषा उठली, व्हरांड्यात गेली आणि तिनं प्रेरणाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. तिनं पुन्हा लावला. धुक्यातून रस्त्यावरची एक गाडी गेली, तिचा नुसता आवाज आला.

मग प्रेरणाचाच फोन आला.

“मॅडम, आजी गेली.” तिचा आवाज अगदी बारीक होता. “जेवली. पहिला घास ठेवला. मी ताट न्यायला गेले तर बसल्या जागी… डॉक्टर येऊन गेले. नर्सबाई केन्जीला फोन करायला गेल्यात. मला म्हणाल्या, तू तिला पुसायला घे, तुझी लाडकी होती. अन् बोलत पूस म्हणाल्या. मॅडम, काय बोलायचं ते मला येत न्हाई. तो धडा आपला राहिलाच.”

अश्लेषानं व्हरांड्याचा कठडा धरला. काही क्षण तिला जपानी भाषेतला एकही शब्द आठवेना. जिभेवर नुसतं मराठीच येत होतं.

“कानात इअरफोन आहे ना तुझ्या?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“मग हात मोकळे ठेव. मी सांगते तसं म्हण.”

आणि तिनं राहिलेला धडा सुरू केला. जपानीत, एकेक वाक्य, वर्गात सांगायची तितक्याच सावकाश. उमे-सान, मी प्रेरणा. मी आता तुमचा चेहरा पुसते आहे. प्रेरणा म्हणायची, तिचा औंढ्याचा हेल जपानीत तसाच यायचा, मग कापड पिळल्याचा आवाज. उमे-सान, मी आता तुमचा डावा हात हातात घेते आहे. तुम्ही खूप कष्ट केलेत.

आतलं बोलणं थांबलं होतं. तिथल्या प्रत्येकाला ती भाषा येत होती. गोपाळकृष्ण सर दाराशी येऊन उभे राहिले, चष्मा हातात घेऊन. त्यांच्या मागे श्रीयश. त्याला नीट काही कळलं होतं की नाही कोण जाणे, पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. अश्लेषानं त्याच्याकडे पाहिलं आणि मानेनंच, तुझं काही चुकलं नाही, असं सांगितलं. मग ती पुन्हा धुक्याकडे वळली.

“मॅडम, पुढं?”

“आता पाय घे,” ती मराठीत म्हणाली, आणि मग जपानीत, “पाणी फार गरम नाही ना?”

प्रेरणानं ते तसंच म्हटलं, शेवटी आवाज थोडा चढवून.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबावं, तशा दोघी थांबल्या.