एका टॉवेलावर दोन माणसं

औरंगाबादहून सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाने आपली पिशवी शेठच्या टेबलावर रिकामी केली. आधी निघाली ती कुलपं. तांबडी, प्लॅस्टिकच्या अंगाची, तळहातात मावतील एवढी. मग पिवळे बिल्ले, स्विचच्या दांड्यावर चढवायचे चिमटे, आणि कात्रीसारखी उघडणारी एक पोलादी कडी.

मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता. जालना एमआयडीसीतल्या या लोखंडी सळयांच्या री-रोलिंग मिलचा तो हेड वायरमन. एकोणीस वर्षं झाली होती नोकरीला. मे महिना होता, केबिनमधला पंखा गरम हवाच खाली ढकलत होता, आणि मच्छिंद्र शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत होता. दोन महिन्यांपासून त्याने खांद्यावर टॉवेल टाकला नव्हता.

"तूच पसंत कर," शेठ म्हणाले. "मला यातलं काय समजतं? रशीदसारखं पुन्हा नको, बस."

रशीद मच्छिंद्रच्या हाताखालचा वायरमन. होळीनंतर आठव्या दिवशी क्रेनच्या गर्डरवर काम करताना तो शॉक लागून गेला. तेहतीस वर्षांचा होता. मिलने चौकशी केली आणि दोष स्विचरूमच्या ऑपरेटरवर, अप्पारावावर ठेवला. त्याला काढून टाकलं. पुढे सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन गेले आणि सांगून गेले, की स्विचला कुलूप लावायची सोय करा. म्हणून आज ही पिशवी आली होती.

त्या माणसाने पोलादी कडी उघडून दाखवली. "याला हॅस्प म्हणतात. सहा भोकं आहेत. स्विच बंद करायचा, ही कडी अडकवायची. यंत्रावर जितकी माणसं चढतील तितकी कुलपं लागतील. ज्याचं कुलूप त्याचं, किल्ली त्याच्याच खिशात. एक जण खाली आला, त्याने आपलं कुलूप काढलं, तरी बाकीच्यांची राहतात. शेवटचं निघेपर्यंत स्विच हलत नाही."

शेठनी कडी हातात घेऊन फिरवून पाहिली. "सहा भोकं कशाला? एक स्विच, एक कुलूप. किल्ली ऑपरेटरजवळ. आजवर टॉवेल एक असायचा, आता कुलूप एक. अप्पारावसारखा आंधळा माणूस नको, म्हणजे झालं. क्यों मच्छिंद्र? बराबर?"

मच्छिंद्रने कडीकडे पाहिलं. बराबर नव्हतं. कडी पाहताक्षणीच त्याला ते कळलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर शेठनी का म्हणून विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याने दोन महिने कुणाला दिलं नव्हतं.

"उद्या सांगतो, शेठ," तो म्हणाला.

"कुलूपच घ्यायचंय, सोयरीक नाही जुळवायची," शेठ हसले. औरंगाबादचा माणूसही हसला. तो स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्कामाला होता. सामान ठेवून तो निघून गेला.

मिलमध्ये कुलूप कधीच नव्हतं, टॉवेल होता. यंत्राला हात लावण्याआधी वायरमनने मेन स्विच खाली करायचा आणि दांड्याला आपला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की त्या स्विचला कुणी शिवायचं नाही, मग शेठ स्वतः ओरडत आले तरी. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. टॉवेलावरून माणूस ओळखू यायचा. मच्छिंद्रचा हिरव्या काठाचा, रशीदचा निळ्या चौकड्यांचा.

रशीद गेला त्या दिवशी क्रेनला वीज पोचवणाऱ्या उघड्या पट्ट्यांचे जोड आवळायचे होते. पट्ट्या छतालगत, खाली भट्टी. मच्छिंद्रने स्विच पाडला, दांड्याला टॉवेल बांधला. रशीदने आपला टॉवेल डोक्याला गुंडाळला होता.

"तुझाबी बांध," मच्छिंद्र म्हणाला होता.

"आन् वर डोकं भाजून घेऊ? तुमचा हाय की, मच्छूभाऊ. तुमच्या टॉवेलाला मिलीत सलाम ठोकतेत लोक. दोघांला बास."

मच्छिंद्रही हसला होता. एका टॉवेलावर दोघांनी चढणं नवीन नव्हतं.

चारपैकी तीन जोड झाले. चौथ्याचा बोल्ट झिजलेला निघाला. नवीन आणायला मच्छिंद्र खाली उतरला. स्विचरूमच्या दाराशी माठ होता. त्याने तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटलेलेच होते, आणि पुसायला हात शेजारच्याच दांड्याकडे गेला. गाठ सैल होती. टॉवेलाने तोंड पुसलं, तो खांद्यावर टाकला आणि मच्छिंद्र स्टोअरकडे चालू लागला. वीस पावलं गेला असेल. मागून स्विच वर जाण्याचा तो जाड आवाज आला. मग वरून काहीच आवाज आला नाही.

तो धावला, सगळेच धावले. रशीदला खाली आणलं तेव्हा त्याच्या फुटलेल्या डोक्याखाली द्यायला कुणीतरी मच्छिंद्रच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. तो दांड्यावर असायला हवा होता, हे त्या धावपळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. टॉवेल रक्ताने भरला आणि दवाखान्यात कुठेतरी राहून गेला.

चौकशीत त्याला विचारलं होतं, "टॉवेल लावला होता का?"

"लावला होता."

एवढंच विचारलं. एवढंच त्याने सांगितलं. बाहेर अप्पाराव ओरडून ओरडून सांगत होता, की दांडा मोकळा होता, टॉवेल नव्हताच. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मच्छिंद्र खोटं बोलत नाही, हे मिलला एकोणीस वर्षं ठाऊक होतं.

आज केबिनमधून निघून मच्छिंद्र स्विचरूममध्ये आला. पंपाचा स्विच खाली होता. दांड्याला पिवळा टॉवेल बांधलेला होता, चांदपाशाचा. रशीदच्या जागेवर आलेला नवा वायरमन. मच्छिंद्र पंपाकडे गेला. मोटर उघडून दोन माणसं तिच्यावर वाकली होती, चांदपाशा आणि फिटर भुजंग.

"टॉवेल कुणाचा?"

"माझा," चांदपाशा मान वर न करता म्हणाला.

"आन् तुझा, भुजंग?"

"माझा कशाला? ह्याचा हाय ना." भुजंगने पाना बाजूला ठेवला. "काय झालं, मच्छूभाऊ? कसं पाहून राह्यला?"

"काही न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. मोटरचं झाकण बसवून दोघं बाहेर येईपर्यंत तो स्विचजवळ जाऊन उभा राहिला. पाऊण तास लागला. नवा ऑपरेटर त्याला स्टूल देत होता, ते त्याने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादचा माणूस लॉजवरून आला, तेव्हा मच्छिंद्रने सहा भोकांची कडी शेठसमोर ठेवली.

"ही घ्या. आन् माणसागणिक कुलूप. एका किल्लीनं दुसरं उघडायला नको."

"का? एक पुरत नाही?"

"न्हाई पुरत. त्या दिवशी वर आम्ही दोघं व्हतो आन् टॉवेल एकच व्हता, माझा. मी खाली आलो, तोंड धुतलं आन् सोडून घेतला. माझ्या खांद्यावर व्हता. अप्पारावला मोकळा दांडा दिसला. त्यानं मोकळाच दांडा वर केला."

औरंगाबादचा माणूस बिल्ले एकावर एक रचू लागला, ते सरळ होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"दोन महिने गप्प बसलास," शेठ म्हणाले.

"व्हय."

"मग आताही गप्प बस. चौकशीचा कागद वर गेला. बंद झाला. पुन्हा उघडायचा नाही. ही कडी घेऊ, पाहिजे तेवढी कुलपं घेऊ. तुझं काम झालं ना? जा."

मच्छिंद्र बाहेर आला. पोलादी कडी मिळाली होती. तिच्यामुळे पुढचा माणूस कदाचित वाचणार होता. रशीद आणि अप्पाराव जिथे होते तिथेच राहिले होते.

शिफ्ट सुटल्यावर तो घरी गेला नाही. अप्पाराव आता बियाण्याच्या कारखान्यात पोती उचलत होता. स्विचला हात लावायचं काम त्याला कुणी देत नव्हतं. मच्छिंद्र सायकलने त्याच्या घरी पोचला तेव्हा अप्पारावची बायको कांताबाई दारात भांडी घासत होती. तिने पाहिलं आणि राख लावलेला हात तसाच ठेवला.

"आज बरा रस्ता सापडला मिलवाल्याला," ती म्हणाली. "घरात हाय. वाकून जा, दार बुटकं हाय."

अप्पाराव बाजेवर बसला होता. पोती वाहून खांदा सोलला होता, त्यावर तेल लावलेलं होतं. मच्छिंद्रने उभ्यानेच सगळं सांगितलं. माठ, पाणी, गाठ, वीस पावलं. काही गाळलं नाही.

अप्पारावच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही.

"मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "तू दारातून गेल्तास. टॉवेल खांद्यावर. पाहूनच तर मी स्विच वर केला. चौकशीत मी तीनदा सांगितलं, मच्छिंद्रच्या खांद्यावर पाह्यला म्हणून. ते म्हणले, मच्छिंद्र म्हणतो लावला व्हता."

"मला ठाऊक न्हवतं तू खांद्यावरचं सांगितलं म्हणून."

"तू इचारलं न्हाईस."

बाहेर भांड्यांचा आवाज थांबला होता.

"रहिमाबी इथं आल्ती," अप्पाराव म्हणाला. रहिमाबी म्हणजे रशीदची बायको. "ह्याच दारात उभी राहून इचारलं तिनं, भाईसाब, तुम्हाला टॉवेल कसा दिसला न्हाई? मी काय सांगू? दिसला न्हाई असंच म्हणलो." त्याने खांद्यावरचं तेल बोटाने निपटलं. "लिहून देशील?"

"शेठ म्हणले, पुन्हा उघडायचं न्हाई."

"शेठचं न्हाई इचारलं."

नोकरी जाणार हे मच्छिंद्रला दिसत होतं. त्यापुढचं रहिमाबीचं दारही दिसत होतं, आणि ते जास्त अवघड होतं. त्याने होकाराची मान हलवली. कांताबाईने पदराला हात पुसून फळीवरची वही काढली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. पाणी मात्र तिने विचारलं नाही.

पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला. सवयीने हात खांद्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. त्याने बाहीने तोंड पुसलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं, टॉवेल माझा होता आणि मीच सोडला.

"मोठ्यानं वाच," दारातून कांताबाई म्हणाली.