तळाचं पाणी

मिरबातच्या किनाऱ्यावर तुफूल रोज पहाटेच्या नमाजानंतर घोटाभर पाण्यात उभी राही आणि म्हणे, "अल्लाह, जे नेलंस ते मातीला तरी दे." तिचा नवरा बखीत, अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारून गेला तो वर आलाच नाही. पंधरा दिवस झाले. देह नाही, म्हणून कबर नाही. तुफूल ना धड बायको, ना धड विधवा. विधवेनं घरात पाळायचं चार महिने दहा दिवसांचं बसणं सुरू कुठून करणार?

घरी सासू, थुम्ना, उंबऱ्यातच विचारी, "पाणी कसं आहे गं?"

"गरम आहे, आत्या."

"मग झालं तर! सलाला शहरात गेला असेल कुणाच्या गाडीत बसून. लहानपणापासून उंडगाच तो. तू उगाच सुतकी तोंड करू नकोस."

म्हातारी विचारी त्याला कारण होतं. शेजारचे महादकाका सांगून गेले होते, "वारा पडलाय तोवर गरम पाणी सायीसारखं वर बसतं, गार पाणी खालीच. खरीफचा, पावसाळी वारा सुटला की वरचं पाणी आत हाकलतो, त्या जागी तळ वर येतो. तळाशी असेल तेही येतं."

वारा सुटून तीन दिवस झाले होते. पाणी गार होत चाललं होतं. तुफूल रोज खोटं बोलत होती.

चौथ्या पहाटे पाणी सुरीसारखं लागलं. गुदमरलेल्या मासळीची रांग किनाऱ्याला लागली होती. धुक्यात कुणीतरी खोकलं. तो खोकला बखीतचा, तिच्या उशाजवळचा, सहा वर्षं ओळखीचा. आणि आला पाण्याकडून! ती घराकडे पळत सुटली.

"पाणी?"

"गरम."

थुम्ना खाली बसली. तिनं सुनेच्या पावलांवर हात ठेवले.

"खोटारडे," ती हळूच म्हणाली. "तीन दिवस तुझे गार पाय मला सांगतायत. मीच ऐकत नव्हते. चल."

धुक्यात शेवाळाचा प्रत्येक काळा ढीग माणसासारखा दिसे. खडकाआडच्या एका ढिगापाशी म्हातारीनं हात आडवा धरला.

"तू थांब. आधी आई."

तिनं शेवाळ बाजूला सारलं. मग उशिरा घरी आलेल्या पोराला रागवावं तशी ती म्हणाली, "केवढा गारठलायस रे!"

अंगावरची शाल काढून तिनं ती त्याच्यावर पांघरली, आणि मागे न बघता म्हणाली, "रड आता, पोरी. मग घरी जाऊन बस. आज पहिला दिवस."