कपाटाला घाबरणारी बाई

चाळीस कथा, प्रत्येकीत एक बाई, आणि प्रत्येक बाई कशाला तरी घाबरते. आधुनिकतावादी कथा असल्यामुळे बाकी काही घडत नाही. माझा मानसशास्त्राचा प्रबंध याच भीतीवर होता. तो शुक्रवारी जमा झाला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती.

पद्धत सोपी. दोघांनी एकमेकांशी न बोलता तीच कथा वाचायची आणि तक्त्यातल्या बारा भीतींपैकी एकीवर खूण करायची: दडपलेली इच्छा, आईसारखं होणं, बंद खोली वगैरे; अगदीच कशात बसत नसेल तर शेवटी 'इतर'. ऐंशी टक्के खुणा जुळल्या की ते शास्त्र. नाही जुळल्या की ते नुसतं तुमचं मत.

पहिली वाचक मी. दुसऱ्या वाचकाला माझा सिद्धान्त ठाऊक नसावा अशी अट होती. घरात मी सहा वर्षं दुसरं काही बोललेच नव्हते, त्यामुळे असं माणूस मिळणं कठीण होतं. पण मावशीने त्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं.

मावशी कपडे दुरुस्त करून देते. चेन, अस्तर, पँटची उंची. गिऱ्हाईक नसताना तिने मशीनवर बसूनच सगळ्या कथा संपवल्या आणि सोमवारी तक्ता दिला. चाळीसपैकी सात खुणा जुळल्या.

"मावशी, अगं, तेहेतीस वेळा 'इतर'?"

"तुझ्या बारांत बसत नव्हत्या. कोंबल्या असत्या तर उसवल्या असत्या."

'इतर'पुढे तिने बारीक अक्षरात कारणं लिहिली होती. कथा नऊ: नवरा अचानक चांगला वागतोय. कथा चौदा: भीती कसली, बिचारीला झोप हवीय. कथा एकवीस: हिला लेखकाची भीती वाटते, बरोबरच आहे.

"बरं, ही बाविसावी बघ," मी म्हटलं. "बाई कपाटाला घाबरते. कपाट म्हणजे दडपलेली इच्छा. शेंबडं पोरही सांगेल."

"कपाटात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा कोट आहे."

"ते प्रतीक आहे, मावशी."

"कोट आहे तो. आणि हिला खांद्यात बरोबर बसतो. वीस वर्षं एकाचे कपडे दुसऱ्याला बसवतेय मी. टाका न घालता खांद्यात बसलेला कोट एकदाही बघितला नाही. म्हणजे त्या मेल्याने दुसरी बायको पहिलीच्या मापाने आणलीय. मी तर पळालेच असते."

"हे कुठे लिहिलंय?"

"शेवटच्या पानावर."

शेवटची पानं मी वाचत नसे. आधुनिकतावादी कथेला शेवट नसतो, असं मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, तळटीपेसकट.

मावशीचा तक्ता पेन्सिलीत होता आणि घरात खोडरबर होतं, एवढंच सांगते. पण हात धजेना. वाद तिसऱ्या वाचकाकडे न्यायचा असा नियम आहे, म्हणून मंगळवारी सगळा गठ्ठा मार्गदर्शक बाईंकडे नेला. त्यांनी दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. गुरुवारी बोलावलं.

"अभिनंदन. माझ्या आणि तुझ्या मावशीच्या नव्वद टक्के खुणा जुळल्या. पद्धत सिद्ध झाली."

"आणि माझ्या?"

"तुझ्या कुणाशीच नाहीत. बस, उभी का?"

"मग माझी नोंदणी?"

"वाचली. फक्त एक वाक्य घाल. संशोधिकेच्या खुणा ग्राह्य धरलेल्या नाहीत, कारण ती कथा शेवटपर्यंत वाचत नाही."

"कारण द्यायलाच हवं का, मॅडम?"

"परीक्षकांना प्रामाणिकपणा आवडतो. निदान नवल तरी वाटतं."

ते वाक्य मी नऊ वेळा टाइप केलं, आठ वेळा पुसलं. शुक्रवारी चार वाजता प्रबंध जमा झाला. पदवी मला मिळेल.

संध्याकाळी मार्गदर्शक बाईंचा फोन आला, मावशीला. पुढच्या अभ्यासासाठी साठ कथा होत्या, घाबरणाऱ्या पुरुषांच्या.

"पाठवा की," मावशी म्हणाली. "पण दिवस जास्त द्या. पुरुष घाबरला की पहिली चार पानं आपण घाबरलो नाही हेच सांगत बसतो."