मॅप लोड होत नाहीये

आमच्या घरी दुपारपासून एकच धोशा लागला होता: तिथे आहे काय? तिथे म्हणजे कच्छच्या रणाच्या कडेला. तिथल्या सौरऊर्जा प्रकल्पावर कंपनी मला एकटीलाच दोन वर्षांसाठी साइट इनचार्ज म्हणून पाठवत होती. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि रविवार संपत आला होता.

सुरुवात सासूबाईंनी केली. "थंय मासे खंय गावतले गो?"

अहो, मी काय जेवायला चाललेय?

मग दीर. हर्षदने मोबाइलवर नकाशा उघडला आणि फोन हलवत बसला. "वहिनी, नेट गेलं वाटतं. मॅप लोडच होत नाहीये."

"झालाय रे लोड. ते तसंच आहे."

"आयला! नुसतं पांढरं? अख्खं मुलुंड बसेल ना यात! टॉवर ठोका, पार्किंगचं टेन्शनच नाही."

डोकं फिरलं माझं. मोकळी जमीन बघितली की या लोकांना एक तर बिल्डिंग दिसते, नाही तर भूत. मी तिथे आठवडाभर राहून आले होते. उन्हाने जीव काढला, खोटं कशाला बोलू! पण तिथे म्हशी राखणारी माणसं आहेत, त्यांची पोरं आहेत, लग्नं होतात, भांडणंही होतात. आणि सकाळी दार उघडलं की नजर कुठे अडतच नाही. इथे खिडकी उघडली की समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी. सांगून सांगून घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

माझा नवरा विशाल तेवढा गप्प होता. शेवटी मी त्याच्यावरच उखडले. "तू तरी बोल ना रे! की तुलाही माशांचीच काळजी?"

"एवढ्या उजाड जागी तुला करमेल?" त्याने विचारलं.

"करमेल! शंभरदा करमेल! किती वेळा सांगू?"

"तेच तर," तो म्हणाला. "तुला करमेल गं. म्हणून तर माझ्या तोंडून हो निघत नाहीये."

सासूबाई चहा टाकायला म्हणून उठून आत गेल्या. हर्षदने फोन खिशात घातला. दुपारपासून भांडत होते, ती मी आता त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी विशालचा हात धरला, पोटभर रडले, आणि रडत रडतच कंपनीला होकार कळवला.