दोन्ही चाकं सारखी तापलेली

"वास कसला होता ते सांगा आधी," मिस्त्री म्हणाला. बॉनेट त्याने उघडलं होतं, पण अजून आत वाकला नव्हता. "जळका जळका म्हणतात सगळे. त्यात शंभर प्रकार असतात."

"रबराचा," आबा म्हणाले.

"रबराचा नव्हता हो आबा," सून म्हणाली. "इस्त्री कपड्यावर विसरली की येतो ना, तसा. पण त्यात लोखंड मिसळल्यासारखा."

"शी वास," कडेवरच्या तीन वर्षांच्या ठमीने आपलंही मत नोंदवलं.

"हे बरोबर," मिस्त्री म्हणाला आणि वाकला.

नणंदेच्या नव्या घरी दोन दिवस राहून तिघं परत येत होती. आबा चालवत होते, ठमी आणि तिची आई मागे. दोन तास हायवेवर काही जाणवलं नाही. उतार संपून पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि वास आत शिरला. सुनेने पहिल्यांदा ठमीच्या सीटचा पट्टा सोडला, मग काच खाली केली, आणि मग तोंड उघडलं. तिचा क्रम ठरलेला असे. आबांनी काही न बोलता गाडी डावीकडे वळवून मिस्त्रीच्या दारात आणून उभी केली होती.

हा मिस्त्री आबांच्या कारखान्यातला. तिथल्या गाड्यांच्या खात्यात आबा एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि नव्या ड्रायव्हरांना पास-नापास करायचं कामही त्यांच्याकडेच होतं. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं जाई की ठमीलासुद्धा अर्धं पाठ होतं. मिस्त्रीने नोकरी सोडून शेड टाकली त्यालाही पुष्कळ वर्षं झाली, पण आबांना तो अजून 'उस्ताद'च म्हणे.

"तेल गळून सायलेन्सरवर पडत नाहीये," मिस्त्री आतून म्हणाला. "बेल्ट ठीक. वायर कुठं वितळलेली दिसत नाही." मग तो जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला. "कधीकधी रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी उडून चिकटते खाली. लोक इंजिन उतरवायला निघतात आणि निघते पिशवी."

"पिशवी आहे का?" सुनेने विचारलं. आवाजात जरा जास्तच आशा होती.

"नाही."

तिला पिशवी हवी होती. पिशवी नसेल तर वायर, वायर नसेल तर आणखी काही, पण गाडीचंच काहीतरी. गाडी सतरा वर्षांची होती. सतरा वर्षांच्या गाडीला दोष देताना कुणाचं मन मोडत नाही. गेले चार महिने तिच्या जिभेवर एक वाक्य येत होतं आणि ती ते गिळत होती. रोज सकाळी आबा ठमीला गाडीतून बालवाडीत सोडत आणि दुपारी आणत. बारा मिनिटं जायला, बारा यायला. त्या चोवीस मिनिटांसाठी ते सकाळी सहाला उठून दाढी करत. तिला आठला कामावर हजर व्हायचं असे, पण गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत ती खिडकीतून हलत नसे. अलीकडे ते वळण आबा फार रुंद घेत. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "तूच बोल ना. तुझं ऐकतात ते." म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तिनेच.

मिस्त्री बाहेर आला. हात पुसून पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि शेकोटीशी धरावा तसा तळहात चाकाजवळ धरला. मग उजव्या चाकाशी. मग मागच्या दोन्ही. परत येऊन त्याने पुन्हा डाव्या चाकाशी हात धरला, आणि या वेळी त्याला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं.

"काय रे?" आबा म्हणाले.

"पुढची तापलीत."

"कुठलं जास्त?"

मिस्त्रीने जॅक आणून एका बाजूने गाडी उचलली, चाक हाताने फिरवलं. चाक सुरळीत, न घासता फिरलं. त्याने ते काढलं. आतली ब्रेकची पोलादी चकती निळसर पडली होती, फार तापलेल्या तव्याच्या कडेसारखी. तिला चिमटीत धरणारे ब्रेक पॅड त्याने बाहेर काढले. त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता.

"ब्रेक अडकलाय का?" सुनेने विचारलं.

"अडकला असता तर एकच चाक तापलं असतं, ताई. बहुतेक तरी." तो आबांकडे न बघता बोलत होता. "जुनी गाडी आहे. पॅड पण जुनेच. बदलून टाकतो. होतं असं."

"दुसरं चाक खोल," आबा म्हणाले.

"उस्ताद, गरज नाही त्याची."

"खोल म्हणतो ना."

दुसरं चाक निघालं. तीच निळी झाक, तशीच चकचकीत झीज, तेवढीच. आबा कमरेवर हात देऊन वाकले, दोन्ही बाजूंचे पॅड हातात घेतले आणि शेजारी शेजारी धरून उजेडाकडे केले. त्यांना ते डोळ्यांच्या फार जवळ न्यावे लागले. सुनेने ते पाहिलं. तिच्या पाहण्यातून सुटणाऱ्या गोष्टी कमीच.

"दोन्ही चाकं सारखी तापली तर काय बघायचं?" आबांनी विचारलं.

मिस्त्री जॅकचा दांडा पुसू लागला.

"तुला शिकवलं होतं मी. काय बघायचं?"

"ड्रायव्हरचा पाय," मिस्त्री म्हणाला.

ठमीने पान्ह्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं.

सुनेला एकदम हायवे आठवला. दोन तास मागच्या गाड्या त्यांच्यावर दिवे मिचकावत होत्या. एक टेम्पोवाला तर शेजारून जाताना हात उडवून काहीतरी ओरडून गेला होता. "कुठं आग लागलीय रे तुझ्या घरी?" आबा काचेतल्या काचेत म्हणाले होते आणि ती हसली होती. आणि दर दहा मिनिटांनी ती म्हणत होती, "आबा, सावकाश हं."

"पॅड घाल नवे," आबा म्हणाले. "चाकं बसव. मग मागं उभा राहा."

नवे ड्रायव्हर घेताना आबांची एक परीक्षा असे. उमेदवाराला आवारात सरळ रेषेत गाडी चालवायला सांगायचं आणि आपण मागे उभं राहायचं. स्टिअरिंग कसं धरलंय, गिअर कसा पडतोय, काही बघायचं नाही. फक्त मागचा लाल दिवा बघायचा. कारण नसताना पेटला तर नापास. त्यावर चहा नाही, चर्चा नाही. मिस्त्रीने हे सगळं सुनेला हलक्या आवाजात सांगितलं, नवे पॅड बसवता बसवता. "माझ्या मेहुण्यालासुद्धा नापास केलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "बायको वर्षभर बोलत नव्हती माझ्याशी."

शेडपुढचं आवार लांब होतं, शेवटी भिंत. आबा गाडीत बसले. गाडी सुरू झाली, हलली, भिंतीच्या दिशेने निघाली. सून आणि मिस्त्री मागे उभे होते.

लाल दिवे पेटले. गाडी पुढे जात होती, इंजिन ओढ घेत होतं, आणि दोन्ही दिवे पेटलेले होते. भिंत अजून बरीच लांब होती. ते विझले नाहीत.

गाडी थांबली. आबा उतरून चालत परत आले, सावकाश, जणू निकालाची त्यांना काही घाई नव्हती.

"काय?"

"विझला होता की," मिस्त्री म्हणाला. "मधे थोडा—"

"तुला विचारत नाहीये. तू माझा चेला, तू खोटं बोलणार." ते सुनेकडे वळले. "सूनबाई, तू सांग."

चार महिने गिळलेलं वाक्य आता तिच्याकडे मागितलं जात होतं. ते इतकं लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"नाही विझला," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली.

"पण आबा, हायवेवर मीच सारखं सावकाश सावकाश म्हणत होते. त्यामुळंच..."

"सावकाश म्हणजे उजवा पाय उचलायचा. डावा ब्रेकवर ठेवायचा नाही," आबा म्हणाले. आवाज शिकवतानाचा होता. मग ते पँटला हात पुसत म्हणाले, "हल्ली पुढच्याचे दिवे मला उशिरा दिसतात. म्हणून क्लच सुटला की डावा पाय ब्रेकवर तयारीत ठेवतो. मला वाटायचं, नुसता वर धरलाय, टेकवलेला नाही. प्रत्येक नापास झालेला हेच म्हणायचा."

मिस्त्री पडलेले पान्हे गोळा करू लागला.

आबांनी खिशातून किल्ल्या काढल्या. घराची आणि गाडीची एकाच कडीत होती. नखाने कडी उघडायला त्यांना वेळ लागला. मिस्त्रीने हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला नाही असं दाखवलं. घराची किल्ली परत खिशात गेली. गाडीची सुनेच्या हातात आली. ती गरम होती.

"उद्या ठमीला..." ती म्हणाली.

"चालत जाऊ आम्ही. पंचवीस मिनिटं लागतील. अर्धा तास धर, मॅडमना वाटेत प्रत्येक कुत्र्याशी बोलायचं असतं."

ते मागे जाऊन ठमीच्या शेजारी बसले, दोन तास सून बसली होती त्या जागेवर. ठमीचा पट्टा त्यांनी लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

सुनेने सीट पुढे घेतली. सतरा वर्षांत ती इतकी पुढे कधी आली नसावी, करकरली. मग तिने आरसा हलवला. आरशात आबा दिसले. ते बाहेर बघत होते, हात मांडीवर, किल्ली नसलेले.

"आरसा रस्त्याला लाव," ते बाहेरच बघत म्हणाले. "मला नको."

तिने लावला. मिस्त्री फाटकापर्यंत आला आणि कुणी मोठा साहेब निघाल्यासारखा हात वर करून उभा राहिला.

रस्ता पुढे पुन्हा उताराचा होता. गाडी आपसूक वेग घेत होती. काही अंतर गेल्यावर मागच्या गाडीने दिवे मिचकावले. एकदा, मग पुन्हा. सुनेचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मागे येतोय कोण, एवढी घाई कसली, ती आरशात बघू लागली.

"पाय," मागून आबा म्हणाले.

तिने ब्रेकवरून पाय उचलला.