मागचं माउंटिंग

मडगार्डवर एक थाप पडली. तिने मांडीवरचं पुस्तक शेजारच्या सीटवर पालथं घातलं, ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडू लागली. पाय अर्ध्यावर आला तशी गाडी जागच्या जागी ताठरली. गिअरचा दांडा थरथरला आणि पुढे कुठेतरी धप्प झालं.

दोन थापा. तिने क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, पुन्हा तेच. या वेळी धप्प अगदी पायाखाली झाल्यासारखं वाटलं.

समोरचं तिला काही दिसत नव्हतं. उघडलेल्या बॉनेटचा निळा पत्रा काचेपुढे भिंतीसारखा उभा होता आणि त्याच्या पलीकडे, गाडीच्या अगदी तोंडाशी, वडील उभे होते. चाकांना विटा लावलेल्या होत्या, हँडब्रेक ओढलेला होता. तरीही तिचा सगळा जीव उजव्या पायात उतरला होता. पाठीमागे उशी घेतल्याशिवाय पाय पोचत नसत तेव्हापासून ती या सीटवर बसत आली होती, आणि तो पाय निसटला तर काय होईल, हे तेव्हापासून दर वेळी तिच्या डोळ्यांपुढे येऊन जायचं.

पत्र्यावर बोटं वाजली. म्हणजे बंद. तिने किल्ली फिरवली.

वडील चिंधीला हात पुसत खिडकीशी आले.

"इंजिनाचं उजवं माउंटिंग गेलंय की मागचं, अजून ठरत नाही!" ते ओरडून म्हणाले.

त्यांचा उभा जन्म छापखान्यात गेला होता. तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते, पण तळहात शाबूत होते. यंत्राच्या अंगावर हात ठेवून त्याला काय होतंय ते सांगायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आता घरात फ्रिज होता, मिक्सर होता आणि ही गाडी होती.

"मिशीवाल्याच्या गॅरेजात न्या ना!" ती ओरडली.

"काय?"

"मिशीवाला!"

"त्याला मिशी कुठे राहिलीय आता!" वडील स्वतःच्याच विनोदावर हसले. "उद्या मीच काढतो. जॅक आहे, लाकडाचा ठोकळा आहे. इंजिनाला खालून आधार दिला की झालं."

"आता झेपतं का तुम्हाला असलं?"

"काय?"

"काही नाही!"

वरच्या गॅलरीतून आई वाकून बघत होती. "झालं का तुमचं? सगळी इमारत जागी केलीत." या घरात बोलणं म्हणजे ओरडणंच होतं. शेजारी कुणी नवीन राहायला आलं की पहिले काही दिवस त्यांना वाटायचं, इथे रोज भांडणं होतात.

"भीती वाटली?" वडिलांनी विचारलं. गाडीचं काम काढलं की शेवटी ते हे विचारायचेच.

"छे. कशाची?"

"मग बरं." ते निघाले आणि पुन्हा वळले. "आणि अंगठे मुठीत घालत जाऊ नकोस. चाकाला हिसका बसला तर मोडतील."

तिने मान हलवली आणि पुस्तक उचललं.

फार पूर्वी त्यांनी आधी आईला विचारलं होतं. आईने सरळ हात झटकले होते. "मी नाही हो बसणार. तुम्ही समोर उभे आणि माझा पाय सटकला म्हणजे? मला भीती वाटते. मला नाही जमायचं असलं." ते ऐकून मुलगी मुकाट्याने उशी घेऊन खाली गेली होती. आई ओरडून सांगू शकली. मुलीला ते कधी जमलं नाही. वडिलांना सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागे, आणि ओरडून सांगता येईल असं फार थोडं असतं. गॅस संपलाय. फोन आलाय. दार लावून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पलंगाच्या कडेवर बसून शर्टाचं एकच बटण पुन्हापुन्हा लावत होते. कपाळावर घाम होता. आई त्यांच्या पायात चपला सरकवत होती आणि त्या जात नव्हत्या.

अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसण्यापेक्षा हॉस्पिटल जवळ होतं. शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना मागच्या सीटवर बसवलं, आई त्यांच्या अंगाला लागून बसली. गाडी चालताना बरी होती. थांबली की थडथडायची. पहिल्या सिग्नलला आरसा, काच, किल्लीला लटकणारी कडी, सगळं एकदम थरथरायला लागलं. तेवढ्यात तिला पाठीला काहीतरी जाणवलं. वडिलांनी तिच्या सीटच्या पाठीवर तळहात पसरून टेकवला होता.

"मागचंच गेलंय," ते म्हणाले. ओरडून नाही, हळू आवाजात. त्यांना इतक्या हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"बोलू नका हो," आई म्हणाली.

पुढच्या चौकात गाडी पुन्हा थांबली, पुन्हा थडथडली. पाठीवरचा दाब नव्हता. आरशात बघायचा तिला धीर झाला नाही. मागून आईचाही आवाज येईना. हॉस्पिटलच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन आली तरी आई उतरेना; तिच्या हातातली त्यांची चप्पल कुणीतरी हळूच काढून घेतली.

गाडी नंतर शेजाऱ्यांनी घरी आणून लावली. धूळ बसली. धुळीवर मांजराची पावलं उमटली. तिने दोनतीनदा प्रयत्न केला. दार उघडून बसायची, किल्ली लावायची, उजवा पाय ब्रेकवर ठेवायची, आणि गुडघा असा काही थडथडायचा की गाडी सुरूच आहे असं वाटावं. मग ती उतरून दार लावून घ्यायची आणि बसने कामावर, ग्रंथालयात जायची. तिथे लोक तिच्याशी नेहमीपेक्षा हळू बोलत. तिला ते ऐकू यायचं नाही असं नाही, पण कुणी हळू बोललं की आता पाठीत काहीतरी गोठायचं.

मामाने तोडगा काढला. "तुझ्याच्याने होत नसेल तर मी घेऊन जातो. उभी राहून सडण्यापेक्षा कुणीतरी चालवलेली बरी."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"तशी थडथडत नाही द्यायची," आई म्हणाली. "त्यांना चाललं नसतं."

मग असं ठरलं, की मिशीवाल्याकडून आधी दुरुस्त करून घ्यायची. त्यानंतर तिने एकदा चालवायला बसायचं. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर रविवारी मामा येईल.

मिशीवाला स्वतः येऊन गाडी घेऊन गेला. मिशी काढून बरीच वर्षं झाली होती, नाव मात्र गेलं नव्हतं. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. मायलेकी गेल्या तेव्हा तो गाडीच्या भोवती फिरत होता.

"कुठलं गेलंय ते बघावं लागेल," तो म्हणाला. "तीन असतात. उजवीकडे एक, डावीकडे गिअरबॉक्सखाली एक, आणि मागे."

"मागचं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बाबांनी सांगितलंय."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि पुढे काही न विचारता जॅक ओढून घेतला. जॅकवर लाकडी फळकुट ठेवून त्याने इंजिनाला खालून उचलून धरलं, अगदी बेताने, झोपलेल्या माणसाच्या डोक्याखाली हात घालावा तसं. गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसता पान्याचा करकर आवाज येत राहिला आणि मधूनमधून एखादी शिवी, बायका उभ्या आहेत हे आठवून अर्ध्यावर गिळलेली.

माउंटिंग बाहेर आलं. लोखंडाचं कडं आणि त्याच्या पोटात काळं रबर. रबर आरपार फाटलं होतं. कडं हातात धरलं की मधला भाग लोंबायचा.

"इतकंच?" आईने ते दोन्ही हातांत घेतलं. "एवढ्याशासाठी सगळी गाडी हलायची?"

"एवढ्याशावरच तर इंजिन टेकलेलं असतं, वहिनी. आणि एक गेलं ना, की बाकीच्यांवर भार येतो. उजव्यालाही तडा गेलाय, बघा. तेही बदलतो. बाहेरून कळत नाही, इंजिन आपलं चालत राहतं."

आईने फाटकं माउंटिंग परत दिलं नाही. स्टुलावर बसली आणि ते मांडीवर घेऊन राहिली. साडीला काळं लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

नवीन बसवल्यावर मिशीवाल्याने बोल्ट लगेच आवळले नाहीत. जॅक काढला, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. "आधी त्याला आपलं बसू द्यायचं," तो म्हणाला. "घाईने आवळलं की रबर पिळलेलंच राहतं." मग एकेक बोल्ट पक्का केला, उठून कंबर धरली, चाकांना दगड लावले.

"आता कोणीतरी आत बसा. ब्रेक घट्ट, पहिला गिअर, क्लच अर्धा. इंजिन उचकतं का मी बघतो."

ती दाराशी गेली. दार उघडलं. सीटच्या कडेला तिच्या त्या दिवशीच्या पुस्तकातली खूण, बसचं जुनं तिकीट, अजून पडलेलं होतं. तिचा हात दारावरच राहिला. गुडघा सुरू झाला.

"सर बाजूला," मागून आई म्हणाली. "मी बसते."

"तू? तुला कुठे येतं?"

"न यायला काय झालं? तुला इतकं ओरडून शिकवलंय त्यांनी, सगळ्या इमारतीला येत असेल."

मिशीवाला खोकल्यासारखं हसला. आईने साडी सावरली, मांडीवरचं माउंटिंग शेजारच्या सीटवर ठेवलं आणि बसली. कुठला पाय कशावर, हे खरंच तिला माहीत होतं.

मुलगी पुढे आली आणि बॉनेटसमोर उभी राहिली.

"ताई, समोर नका थांबू," मिशीवाला मडगार्डच्या बाजूने म्हणाला. "चालू गाडीच्या तोंडाशी कोणी उभं राहतं का? इकडे बाजूला या."

"बाबा इथेच उभे राहायचे."

"कोण, तुमचे बाबा? छे हो! मी एकदा असा समोर उभा होतो तर कॉलर धरून बाजूला ओढलं होतं त्यांनी. काय काय बोलले, ते सांगता येणार नाही. आणि तिथून इंजिनाचं हलणं धड दिसतही नाही. बाजूनेच दिसतं."

"इथेच," ती म्हणाली. "नेहमी. मी आत असताना."

मिशीवाल्याने खांदे उडवले आणि आईला हाक मारली. "वहिनी, सोडा क्लच. हळू."

ती वडिलांसारखी वाकली. त्यांच्या उंचीचा अंदाज घेऊन, हात पत्र्याच्या कडेवर टेकून. इंजिन तिथून खरंच नीट दिसत नव्हतं. पाइप आणि वायरी मध्ये येत होत्या. बॉनेटची खालची कड आणि काच यांच्यामध्ये बोटभर फट होती. आत बसणाऱ्याची नजर त्या फटीच्या वरून जाते, त्याला नुसता निळा पत्रा दिसतो. इकडून वाकून पाहिलं की फटीतून स्टिअरिंगचा वरचा अर्धा भाग दिसत होता. आणि त्यावरचे दोन हात. आणखी काही नाही, तोंड नाही, खांदे नाहीत. फक्त हात.

आईच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. अंगठे मुठीत घातलेले होते.

दर वेळी बाबांना इथून तिचे हात असेच दिसले असणार.

"बघा, जरा तरी उचकलं का?" मिशीवाला खुशीत येऊन म्हणाला. "आता रिव्हर्स टाका, वहिनी. ताई, बाजूला व्हा ना."

ती झाली. पण बाजूला थांबली नाही. चालत दाराशी गेली आणि ते उघडलं.

"आई, उतर."

"अगं, रिव्हर्स राहिलाय."

"मी टाकते."

आईने तिच्या तोंडाकडे बघितलं, गाडी न्यूट्रल करून उतरली आणि दारापाशीच उभी राहिली. मुलीने बसून सीट पुढे ओढली. उजवा पाय ब्रेकवर ठेवला. गुडघा थडथडत होता. त्याला तिने थडथडू दिलं आणि पाय दाबला.

"काका, मडगार्डवर दोन थापा मारा. तुम्ही बाजूलाच राहा."

समोर निळा पत्रा उभा होता. त्याच्या पलीकडे कोणी नव्हतं. दोन थापा पडल्या. तिने रिव्हर्स टाकला, क्लच अर्ध्यावर आणला. गिअरचा दांडा हलला नाही. धप्प झालं नाही. इंजिनाचा आवाज शेडमध्ये कुठे आहे ते शोधावं लागेल इतका खाली गेला होता. तिने अंगठे मुठीतून बाहेर काढले.

पत्र्यावर बोटं वाजली नाहीत. मिशीवाल्याला ती खूण ठाऊक नव्हती. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि आपणच किल्ली फिरवली. आता ओरडायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तिचा आवाज घरातलाच निघाला, गॅलरीपर्यंत पोचणारा, आणि शेडच्या पत्र्यावर आपटला.

"भीती वाटायची, बाबा! दर वेळी वाटायची!"